उलट्या ठेवलेल्या चपला

वासूभाई गेल्याचं मला म्हापशाच्या बसस्टँडवर कळलं. शुक्रवारचा बाजार करून पेडण्याच्या बसमध्ये चढत होतो, तेवढ्यात डिचोलीच्या बसचा ओळखीचा कंडक्टर म्हणाला, "मास्तर, तुमचो डॉक्टर गेलो मरे." पिशवी खाली ठेवली आणि उजव्या पायावर भार देऊन तसाच उभा राहिलो... तो पाय त्यांनीच राखलेला. दीड महिना झाला, पण लिहायला बसलं की अजून डोळे भरून येतात.

डॉ. वासुदेव, म्हणजे आम्हा सगळ्यांचे वासूभाई, मूळ आमच्याच पेडण्याचे. हाडांचे सर्जन. डिचोलीत त्यांचं छोटं हॉस्पिटल, आणि वरच्या अंगाला लागूनच घर. त्याआधी परदेशातल्या प्रयोगशाळेत त्यांनी हाडांच्या पेशींवर बरीच वर्षं संशोधन केलं होतं. तिथंच राहा म्हणून लोक मागे लागले होते, पण हा माणूस परत आला आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक मांडून बसला. शस्त्रक्रियेत उरलेले हाडाचे बारीक तुकडे, रोग्याला विचारून, तिथं जात. हाड हा दगड नव्हे, ते सांगायचे. त्यात जुनं खाणाऱ्या पेशी असतात, नवं बांधणाऱ्याही असतात, आणि भार जिथं पडतो तिथंच बांधणाऱ्या कामाला लागतात. मग सुर्ल्याच्या खाणींकडे हात करून हसायचे, "हांगा फकत खणतत. हाड खणता तितलां भरता."

गोवा घटकराज्य झालं त्याच्या आसपासचे ते दिवस. मी सुर्ल्याच्या शाळेत मराठी शिकवायचो. एका सकाळी पायलटच्या, म्हणजे आमच्याकडच्या भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसून शाळेत निघालो होतो, आणि खनिजाच्या ट्रकनं आम्हाला उडवलं. पायलटचं खरचटण्यावर निभावलं. माझी उजवी नडगी मोडली. दुसरीकडे दोनदा शस्त्रक्रिया झाली, तरी हाड काही जुळेना. शेवटी, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं सांगण्यात आलं. तिशीही गाठली नव्हती मी! आईनं देवांना साकडं घातलं आणि भावानं मला वासूभाईंकडे नेलं. त्यांनी माझ्याच कमरेचं थोडं हाड काढून नडगीच्या फटीत भरलं. शुद्धीवर आलो तेव्हा म्हणाले, "म्हजां काम जालां. आतां तुजां."

मराठी की कोंकणी, हा भाषेचा वाद तेव्हा घरोघरी पेटलेला. वासूभाईंच्या हॉस्पिटलबाहेरच्या बाकावरही प्लास्टरमधले दोघेजण हमरीतुमरीवर यायचे, आणि गंमत म्हणजे मराठीची बाजू घेणारा ती अस्सल कोंकणीतून मांडायचा. वासूभाई दारातून डोकावत, "झगडात, पूण उबे रावून झगडात. हाडांक बरां."

मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर आपण नीटनेटकं होऊन जातो. काही महिन्यांनी मला तपासणीला बोलावलं, तेव्हा आईनं म्हापशाहून नवीकोरी चप्पल आणवली. वासूभाईंनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि व्हरांड्यात गेले. त्यांची रीतच ती. दारात काढलेल्या चपला उलटून ते तळ बघत, माणूस भार कुठं देतो ते त्यांना तिथं दिसायचं. माझी चप्पल बघून कपाळाला आठी. "ह्यो नव्यो! माका झिजलेल्यो जाय. जा, घेवन यो." दोन बस बदलून पेडण्याला परत जाताना मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी अपघातानंतर घेतलेल्या, रोजच्या वापरातल्या जुन्या चपला नेल्या. डावी टाच पार झिजलेली, उजवी जणू कालच दुकानातून आणलेली. "रोज चलतंय म्हणटस. मगे उजवो पाय खंय गेल्लो?" मी खरंच रोज चालत होतो, पण कुबडी काखेत धरून, आणि मोडण्याच्या भीतीनं उजवं पाऊल नकळत अधांतरी ठेवत होतो. भारच नाही तर हाड बांधेल कशाला? वासूभाईंनी कुबडी काढून घेतली, माझा हात स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि मला व्हरांडाभर चालवलं.

"दुखता?"

"दुखता, डॉक्टर."

"बरां. म्हणजे जितां आसा."

पावसाळा सरता सरता हाड जुळलं. निवृत्तीपर्यंत मी शाळेत माझ्या दोन पायांनी गेलो. याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे ते मला कधीच कळलं नाही, म्हणून आज हे लिहितोय.

आपल्याकडे चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं म्हणतात. वासूभाई तळ बघून झाले की चपला तशाच टाकून आत जात, आणि वहिनी, त्यांची पत्नी, मागून येऊन एकेक सुलटी करत पुटपुटायच्या, "ह्या घरात झगडी लावतले हे." संसारभर त्यांचं हे चाललं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. बायकोनं नवी चप्पल पुढे केली होती, मी मुद्दाम जुनीच घातली. व्हरांड्यात काढली आणि, का ते सांगता येणार नाही, दोन्ही उलट्या करून ठेवल्या. वहिनी दारात आल्या. सवयीनं वाकल्या, हात चपलांपर्यंत गेला... आणि तिथंच थांबला. दोन्ही टाचा एकसारख्या झिजलेल्या.

"रावंदे तश्योच," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.