शेवटची दहा मिनिटं

मुलं आणि जनावरं यांचे सिनेमे काढणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. दीड तास कुत्र्याला पोराच्या मागे पळवतात, नदी ओलांडायला लावतात, चोर पकडायला लावतात, आणि आपला पुरता जीव जडला की त्या मुक्या जिवाला मारून टाकतात. लहानपणी शाळेने असा एक दाखवला, तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नव्हते. त्यामुळे सात वर्षांची नात रविवारी दुपारी माझ्याशेजारी बसून हे सिनेमे पाहायला लागली, तेव्हा मी नियमच केला. शेवटची दहा मिनिटं पाहायची नाहीत. जनावर सुखरूप आहे तोवरच रिमोट दाबायचा आणि म्हणायचं, "संपला गं." तिला पटायचं. तिच्या लेखी सगळे कुत्रे अजून शेतातून पळतच होते.

आमचाही एक होता. झाशीच्या प्रेम नगरातल्या या घरी आम्ही राहायला आलो तेव्हा आपणहून फाटकापाशी येऊन बसला, तो बारा वर्षं बसला. त्याला मी कधी सरळ हाक मारली नाही. "मेल्या, चप्पल सोड," "मेला परत चिखलात लोळून आला," हेच चालायचं दिवसभर. नातीला मराठी कळतं, बोलते मात्र हिंदी. सून इथलीच, आणि घराबाहेर मराठीचं वारंही नाही. एकदा तिने विचारलं, "आजी, इसको मेला क्यों बोलती हो? इसमें झूला कहाँ है?" आम्ही पोट धरून हसलो. लाडाने म्हणतात गं, असं मी तिला सांगितलं. आणि ते खोटं नव्हतं.

गेल्या थंडीत ती शाळेत गेल्यावर मी त्याला पोळी टाकायला गेले, तर तो उठेचना. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी हात लावून पाहिला आणि मान हलवली. मुलाने मागच्या मोकळ्या जागेत त्याला पुरलं आणि आत येऊन म्हणाला, "आई, तिला सांग, गावाला सोडून आलो."

"कुठलं गाव?" मी फटकारलं. "पिढ्यान् पिढ्या झाशीत काढल्या आपण. आपल्याला तरी आहे का गाव? मी सांगते तिला. खरं तेच सांगते."

बोलले खरी मोठ्या तोऱ्यात, पण दुपारपर्यंत माझा हात कुठल्याच कामाला लागेना.

पोर आली. दप्तर टाकून फाटकाकडे बघत म्हणाली, "वो कहाँ है?" मी तिला जवळ ओढलं. माणूस गेलं तर आपण वारले म्हणतो, देवाघरी गेले म्हणतो. कुत्र्यासाठी मला काही सुचेना. म्हटलं, "मेला गं तो."

ती खुदकन हसली. "अब क्या किया उसने?"

घ्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तो शब्द मीच लाडाचा करून ठेवला होता, आणि त्याचा खरा अर्थ जिथे कळला असता ती दहा मिनिटं मीच कापत आले होते. स्वतःचाच इतका राग आला मला.

समजावत बसले नाही. टीव्ही लावला. तिचा आवडता, लंगड्या कुत्र्याचा. मी नेहमी रिमोट दाबते ती जागा आली आणि गेली.

"आजी, खत्म नहीं हुआ?"

"नाही. अजून आहे."

पडद्यावरच्या मुलाने कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याला हलवलं, हाका मारल्या. नातीच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा मेला?" तिने विचारलं. मराठीत.

"हो."

"आपला पण?"

"हो गं राणी. आपला पण."

ती उठून फाटकापाशी गेली. त्याचं बसायचं पोतं तिथेच पडलेलं होतं, उचलायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्या पोत्यासमोर ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, अगदी माझ्यासारखी.

"मेल्या," ती म्हणाली, "सांगून तरी जायचंस."

मग आम्ही दोघी त्या पोत्यावर बसून रडलो.