हार घातलेली माफी

सीएच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसलेल्या साडीवाल्या काकांच्या मांडीवर एक फ्रेम होती, चंदनाचा हार घातलेली. मला वाटलं, वडील असतील. पण आत फोटो नव्हता, पत्र होतं. सुरतेच्या व्यापाऱ्याने काकांची सगळी जुनी बाकी माफ केल्याचं. दुकानात देवाशेजारी टांगून काका त्याला रोज उदबत्ती ओवाळत.

सीएबाईंनी काचेवरचं कुंकू पुसून पत्र वाचलं. "काका, हा माल तुम्ही तेव्हा खर्चात दाखवून कर वाचवला होता. आता त्याचे पैसे द्यायचेच नाहीत, म्हणजे ती रक्कम यंदाचं उत्पन्न. त्यावर कर लागेल."

काकांनी शर्टाचा खिसा चाचपला. "उत्पन्न? आलं कधी?" मग म्हणाले, "त्यांना सांगतो, माफी परत घ्या."

"त्यांनी केव्हाच तुम्हाला बुडीत खात्यात टाकलं असेल."

मला हसू आलं, पण खिसा चाचपायचा मोह मलाही झाला. एका मित्राची नवी स्कूटर मी नाल्यात घातली होती. तो फक्त "जाऊ दे रे" म्हणाला. त्याचं मन केवढं मोठं, हे मी आजवर शंभर जणांना सांगितलंय. त्यानंतर त्याचा एकदाही फोन आला नाही, हे मात्र त्या खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं.

झेरॉक्ससाठी पत्र बाहेर काढताना काकांनी हार उतरवला. पत्र परत आल्यावर फ्रेम नीट बंद केली, जरा थांबले आणि हार पुन्हा घातला.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यांच्या लेखी आपण गेलोच आहोत."