परत यायचं ठरलं होतं का?

डेस्मंड गार्बटला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. तरी दर उन्हाळ्यात एखादा पालक आमच्या खिडकीशी येऊन विचारतोच, "ते दातांचं विचारायचे, ते गृहस्थ कुठे आहेत?" मी सांगते, ते आता घरी वाटाणे लावतात, तुमचं काय काम असेल ते मला सांगा. मी नोरीन. चोवीस वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर काढली. माझं तोंड जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या विद्यापीठात डेस्मंडचं काम एकच. आलेला विद्यार्थी घरचा की परदेशी, हे ठरवायचं. घरच्याला एक फी, परदेशीला जवळजवळ तिप्पट. बहुतेकांचं तीन मिनिटांत ठरतं. जे अडतं ते डेस्मंडकडे. आणि डेस्मंडचं टेबल बॉयलरच्या भिंतीला लागून, त्यामुळे ऐन जुलैत तो बाह्या वर करून, घाम पुसत लोकांची घरं ठरवायचा.

लोकांना वाटतं, आपला पासपोर्ट दाखवला की झालं. काय सांगू, किती जणांनी तो माझ्या काउंटरवर आपटलाय. "हा बघा, इथंच जन्मलोय." अहो, जन्मलात, चांगलं केलंत. पण नियम पासपोर्टावर थांबत नाही. कोर्स सुरू व्हायच्या आधीची तीन वर्षं तुम्ही इथं रोजचं आयुष्य जगत होतात का, ते तो विचारतो. मधे बाहेर गेला असाल तर तेही माफ, पण जाणं तात्पुरतं हवं. म्हणजे जातानाच परत यायचं ठरलेलं हवं. आता जाताना माणसाच्या मनात काय होतं, ते कुठल्या कागदावर सापडणार? पण शोधायचं काम डेस्मंडचं.

त्यासाठी त्याची युक्ती म्हणजे दात. "तुमचे दात कोण बघतं?" हा त्याचा पहिला प्रश्न. लोक गोंधळायचे. पण आमच्याकडे दातांच्या सरकारी डॉक्टरकडे नाव लागायला वर्षं जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्याला परत यायचंय तो घर भाड्याने देईल, गाडी विकेल, कुत्रा बहिणीच्या गळ्यात बांधेल, पण ती नोंद सोडणार नाही. दरवर्षी सुट्टीत येऊन डॉक्टरसमोर तोंड उघडून जाईल. ज्याने ती नोंद सोडली तो मनाने गेलाच, असं डेस्मंडचं म्हणणं. वरच्या साहेबांनी त्याला एकदा हटकलं, की ही काय पद्धत झाली. तो म्हणाला, "साहेब, बँकेचे कागद सगळे आणतात. दातांचे कागद खोटे आणायचं अजून कुणाला सुचलेलं नाही."

दुसरी त्याची सवय फोनची. कागदावर माणूस वकिलासारखा बोलतो, फोनवर माणसासारखा, असं तो म्हणायचा. फोन मोठ्या आवाजावर ठेवायचा, साक्षीला मी बसायचं. महत्त्वाचा प्रश्न एकदाच विचारायचा, उत्तर सुचवायचं नाही, आणि समोरचा जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून खाली आम्ही दोघांनी सही करायची. वीस वर्षांत त्याने यात कधी खाडाखोड केली नाही. मला कधीकधी त्याचा राग यायचा. इतकं सरळ असू नये माणसाने.

त्या वर्षी टॅमसिन ब्लेंकिनचा अर्ज आला. पोरगी अठरा वर्षांची, आमच्याच गावची, गोदीमागच्या गल्लीतली. फिजिओथेरपीला जागा मिळालेली. बाप क्लाइव्ह, गाळ उपसणाऱ्या जहाजांवर इंजिनिअर. सहा वर्षांपूर्वी तो बायकोमुलीला घेऊन मस्कतला नोकरीवर गेला. दोन वर्षांचा करार, मग आणखी दोन, मग आणखी. गेल्या नोव्हेंबरात तिथंच हृदयविकाराने गेला. डिसेंबरात मायलेकी घरी परतल्या. म्हणजे तीन वर्षांतले जेमतेम नऊ महिनेच त्या इथं असणार होत्या. सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं, की मस्कतला जाणं तात्पुरतं होतं का. घरची ठरली तर पोरगी सप्टेंबरात वर्गात बसणार. परदेशी ठरली तर तेवढी फी त्या विधवा बाईने आणायची कुठून?

मी फाईल आधीच चाळली होती. दुसऱ्यांच्या फायली चाळायची मला खोड आहे. करार तात्पुरता. घर विकलेलं नाही, क्लाइव्हच्या बहिणीला राहायला दिलेलं. दातांच्या डॉक्टरचं पत्र, दर ऑगस्टला तिघंही येऊन गेलेले. मी म्हटलं, "डेस्मंड, शिक्का मार आणि चहा टाक."

"एक कागद आणखी आहे," तो म्हणाला.

तो कागद पोरीनेच हौसेने जोडला होता. आपलं घराणं इथलंच आहे हे दाखवायला तिने चर्चचं सहा वर्षांपूर्वीचं मासिक पत्रक लावलं होतं. त्यात ब्लेंकिन कुटुंबाच्या निरोपसमारंभाचा फोटो, आणि खाली क्लाइव्हचे शब्द छापलेले: "आता हा पाऊस तुमचा तुम्हाला लखलाभ. आम्ही काही परत येत नाही." झालं. पोरीने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

"अरे, हे काय उत्तर आहे?" मी म्हटलं. "माझा भाऊ दरवर्षी स्पेनला जाताना हेच म्हणतो आणि पंधराव्या दिवशी परत येऊन माझ्याच डोक्यावर बसतो. आपल्याकडे निरोप घेताना कुणी खरं बोलतं का?"

"मलाही चेष्टाच वाटते," डेस्मंड म्हणाला. "पण छापलेली आहे. विचारायला हवं."

क्लाइव्ह नव्हता, म्हणून डेस्मंडने त्याच्या बायकोला फोन लावला. लॉर्ना ब्लेंकिन. आवाज शांत होता. डेस्मंडने तिला सगळं नीट सांगितलं, शेजारी साक्षीला मी ऐकतेय हेही सांगितलं, आणि मग तो प्रश्न विचारला. "मिसेस ब्लेंकिन, तुम्ही इथून गेलात तेव्हा परत यायचं ठरलं होतं का?"

मी मनात म्हणत होते, बाई, हो म्हण. एवढासा शब्द आहे, म्हणून टाक.

"कुणाचं विचारताय?" ती म्हणाली. "क्लाइव्हचं की माझं?"

"दोघांचंही सांगा."

"क्लाइव्हचं ते पत्रकातलं गमतीत होतं. त्याचा जीव इथंच होता. तिथल्या उन्हात बसून इथल्या फुटबॉलचे निकाल ऐकायचा." मग ती पुढे म्हणाली, "माझं म्हणाल तर, मी परत न येण्यासाठीच गेले होते. इथं मी जन्मभर कुणाची तरी मुलगी, नाहीतर कुणाची तरी सून. दुकानात पाव आणायला गेलं तरी चौकशा. तिथं कुणी मला ओळखत नव्हतं. तुम्हाला नाही कळणार, पण मला श्वास घेता यायला लागला होता. मी क्लाइव्हला स्पष्ट सांगितलं होतं, तुला परत जायचं तर तू जा, मी आणि टॅमसिन मस्कतलाच राहणार. शेवटी तोही कबूल झाला. आता तोच नाही, त्याची नोकरी नाही म्हटल्यावर मला तिथं राहूच देईनात, म्हणून आले."

डेस्मंड लिहीत होता. मध्येच त्याने पेन खाली ठेवलं आणि परत उचललं.

"टॅमसिनला हे माहीत आहे?" त्याने विचारलं.

"नाही. तिला वाटतं आम्ही दरवर्षी परत यायचंच म्हणत होतो. ऑगस्ट संपला की विमानतळावर रडायची ती. तिला कसं सांगणार?" मग तिनेच विचारलं, "मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही," डेस्मंड म्हणाला. मग त्याने फोन ठेवला.

कागद त्याने माझ्यापुढे सहीसाठी सरकवला. शब्दन् शब्द उतरवलेला. मी सही करेना. मी म्हटलं, "अर्धा कागद ठेव. बापाचं म्हणणं ठेव, बाईचं फाडून टाक. तू आणि मी सोडून कुणी ऐकलंय? आपल्या गावची पोर आहे रे. बाप गेलाय तिचा."

"मे महिन्यात तो लागोसहून आलेला बाप आठवतो?" त्याने विचारलं. मला आठवत होता. पासपोर्ट इथलाच, मुलगा हुशार, आणि विचारल्यावर त्याने सरळ सांगून टाकलं होतं, की जाताना परत यायचं मनात नव्हतं. "त्याचं खरं मी शब्दशः लिहून घेतलं. तेव्हा तूही चटकन सही केलीस, नोरीन. म्हणाली नाहीस फाडून टाक."

मला राग आला, आणि त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून जास्तच आला. मी सही केली. त्याने परदेशी असा शेरा मारला. दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही आणि त्याचा चहाही केला नाही.

पत्र गेलं. पत्रात आम्ही कारणं फोडून लिहीत नाही, सादर केलेल्या पुराव्यावरून जाणं तात्पुरतं होतं असं दिसत नाही, एवढंच. चौथ्या दिवशी टॅमसिन आली, आईला घेऊन. उंच पोरगी, बापाचा गाळाचे डाग पडलेला कोट अंगात. लॉर्ना दाराजवळच उभी राहिली, पुढे आली नाही.

"कुठला पुरावा?" टॅमसिनने डेस्मंडला विचारलं. "मी सगळे कागद दिलेत. आम्ही परत येणारच होतो. मला फक्त सांगा, तुम्हाला काय कमी पडलं?"

डेस्मंडने दाराकडे पाहिलं नाही. फाईल उघडली आणि चर्चचं पत्रक तिच्यापुढे ठेवलं.

ती बघतच राहिली. "हे? अहो, हे बाबा गमतीत बोलले होते. ते असंच बोलायचे. सगळ्या गावाला माहितेय."

"छापलेलं आहे," डेस्मंड म्हणाला.

"तुम्ही माझ्या बाबांची चेष्टा खरी धरलीत?"

मी तोंड उघडलं. टेबलाखाली डेस्मंडने माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"हो," तो म्हणाला. "मी ती खरी धरली."

"तुम्ही याच गावचे ना?" ती म्हणाली. रडत नव्हती, नुसती पांढरी पडली होती. "तुम्हाला इतकंसुद्धा कळू नये? असला दगड माणूस मी पाहिला नाही." तिने पत्रक उचललं, घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि वळली. दाराशी लॉर्नाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीने आईच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघी बाहेर गेल्या. जाता जाता लॉर्नाने एकदाच मागे वळून पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही.

मी डेस्मंडकडे वळले. माझं डोकं फिरलं होतं. "अर्धा कागद फाडायला सांगितलं तर आभाळ कोसळलं, आणि आता धडधडीत खोटं बोललास? निकाल आईच्या शब्दांवर दिलास, त्या पत्रकावर तू एक शेरासुद्धा मारला नव्हतास. जन्मभर ती पोरगी तुला शिव्या देईल. खरं सांगून टाकायचं होतंस की, कागद तर आहे तुझ्याकडे सही केलेला."

त्याने फाईल बांधली, कपाटात ठेवली आणि पुढची काढली.

"घरची ठरायला तिला अजून तीन वर्षं इथं काढायची आहेत," तो म्हणाला. "ती आईबरोबर काढायचीत तिला, नोरीन. माझ्याबरोबर नाही."