डावी काख

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका हॉस्पिटलच्या ट्रॉमा विभागात एका सूचनेवरून जखमीचा जीव वाचला. ती सूचना कुणी दिली, हे कळलेलं नाही.

अशा हकिकती वाचल्या की मी विचारायचे, सांगणाऱ्याची झोप झाली होती का? त्या दिवशी माझी झाली नव्हती... हे आधीच नोंदवते.

गंभीर जखमी आल्यावर टीम आपसात कशी बोलते, यावर आमच्याकडे संशोधन चालू आहे. कॉलरला माइक लावून खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, हे माझं काम. पद्धत ठरलेली: सूचना मिळाली की ऐकणाऱ्यानं ती मोठ्यानं परत म्हणायची, मग हात हलवायचा.

दुपारी दत्ताला आणलं. सांगोल्याहून डाळिंबं आणताना त्याची पिकअप उलटली होती. तो बेशुद्ध, घशात नळी. गाडीत शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचं, रेखाचं, खरचटण्यावर निभावलं होतं. ती दारात उभी.

"ताई, वाचतील न्हवं? काय तरी बोला की!"

मी मॉनिटरकडे बघितलं. रक्तदाब उतरत होता. पोटाच्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही. सर्जन म्हणाले, "वेळ नाही. पोट उघडूनच बघू."

तेवढ्यात – "डावी काख बघा की."

"डावी काख, बघते," शबाना सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी दत्ताचा हात उचलला. काखेच्या घडीत बोटभर जखम होती. रक्त आत छातीत साठत होतं. सर्जननी छातीत नळी घातली, आणि दत्ताला छातीच्या ऑपरेशनसाठी नेलं.

नंतर चहा घेताना सिस्टर म्हणाल्या, "सर, बरं झालं तुम्ही काख बघायला सांगितलं."

"मी? मला वाटलं भूलवाले डॉक्टर बोलले."

"मी नाही बाबा," भूलतज्ज्ञ म्हणाले.

"सर, उगाच लाजू नका," सिस्टर पुन्हा सर्जनना म्हणाल्या.

"मी बोललो असतो ना सिस्टर, तर एव्हाना सगळ्या मजल्यांना सांगून झालं असतं!"

कुणी हसलं नाही. सगळेच दमले होते. खोलीत आम्ही चौघं आणि दत्ता; आवाज चौघांनीही ऐकला होता. पुरुषाचा, थकलेला.

मी रेकॉर्डिंग लावलं. "पोट उघडूनच बघू" स्पष्ट आहे. पुढे फक्त मॉनिटरचं टिकटिकणं. मग सिस्टर: "डावी काख, बघते." मधे कुणीच बोलत नाही. माइक तपासून घेतला, दोष निघाला नाही. दत्ताला अपघातानंतरचं काही आठवत नाही.

गेल्या आठवड्यात चौकशीचा फोन केला. रेखानं उचलला.

"डाळिंबाच्या बागंत गेल्यात," ती म्हणाली. "डावा हात अजून वर जात न्हाय."