बारा रात्री आणि एकच मोबाईल नंबर

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या घरात एक माणूस गोल्ड झाला.

गुलमंडीतलं कापडाचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून आम्ही दोघं दरवर्षी मुंबईहून क्रूझला जातो. एकाच कंपनीच्या जहाजावर जितक्या रात्री राहाल, तितका सभासदाचा दर्जा वाढतो. ह्यांच्या बारा रात्री भरल्या आणि गोल्डचा मेल आला. आता बंदरावर वेगळी रांग, जहाजावर कॅप्टनसोबत चहा.

मी विचारलं, "अन् माझं?"

ह्यांनी लगेच कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, मॅडमचं खातंच नाही. दर वेळी दोघांसाठी तुमचाच मोबाईल आणि ईमेल दिलाय. आता खातं उघडलं तरी नियमानुसार फक्त मागच्या सहलीच्या चार रात्री जमा होतील."

ह्यांचा चेहरा उतरला. "सवयीनं टाकला गं. सगळीकडं माझाच नंबर असतो ना. तू चल की माझ्यासोबत गोल्डच्या रांगेतून."

"व्हय, पाहुणी म्हणून," मी म्हणाले.

भांडण नाय झालं. दुपारी मी एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचा ईमेल काढला. चार रात्री माझ्या नावावर आल्या. दर्जा सगळ्यात खालचा, पण लई बरं वाटलं.

मग त्याच बैठकीत गॅसच्या बुकिंगचा मोबाईल नंबरही बदलून माझा टाकला. इतकी वर्षं सिलिंडर घ्यायला दारात मी उभी राहायची आणि ओटीपी ह्यांच्या खिशात वाजायचा.

तुमच्याकडं कुणाच्या खिशात वाजतो?