विचार सुरू आहे

मंगळवारी सकाळी सुधीर गेला. माझ्या कवितांना चाली तोच लावायचा.

कविता लिहिणाऱ्याला चाल लावणारा भेटावा आणि चाल लावणाऱ्याला गाणारा, म्हणून आम्ही दोघं वर्षभर मोबाइलसाठी एक अ‍ॅप आखत होतो. कुणी उत्तर दिलं नाही तर त्याच्या नावाखाली ‘प्रतिसाद नाही’ असं दिसावं, असं मी सुचवलं होतं.

“वा, बाईसाहेब!” तो म्हणाला होता. “तुम्ही चार ओळींना महिना लावता, तेव्हा मी असं म्हणतो का? ‘विचार सुरू आहे’ असं लिहा.”

तेच ठेवलं. चाचणी म्हणून मी त्याला माझी एक कविता पाठवली होती. तो गेल्यावर पहिल्यांदा अ‍ॅप उघडलं, तर त्याच्या नावाखाली तेच शब्द होते.

दोघांनी मिळून काही करायचं म्हणजे बराच काळ एकाने गप्प राहायचं आणि दुसऱ्याने थांबायचं. फोन आला नाही की तो पेटी घेऊन चाल शोधत बसला असेल, असं मी इतकी वर्षं समजत आले. ती सवय सुटत नाही. अजूनही त्याच्या गप्प राहण्याकडे माझे कान असतात.

“ताई, उद्या अ‍ॅप सगळ्यांना खुलं होईल,” प्रोग्रॅमिंग करणारी मीनल हळूच म्हणाली. “सुधीरदादांचं नाव राहू दे का?”

मला हो म्हणायचं होतं. पण कुणीतरी अनोळखी मुलगी त्याला आपल्या ओळी पाठवेल आणि वाट बघत राहील, हे डोळ्यांपुढे आलं.

“काढ,” मी म्हणाले.

अ‍ॅप आता सुरू आहे. माझ्या कवितेला चाल नाही.