उत्तरेकडची खुर्ची

ऑस्ट्रेलिया खंडाच्या जमिनीवर सगळ्यात जास्त वेळा उताणा पडलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी न अडखळता माझ्या मावसदिरांकडे बोट दाखवीन. पडलेला म्हणजे घसरून नव्हे आणि पिऊन तर नव्हेच. चहासुद्धा ते अर्धा कप घेतात. ठरवून, पट्टा सैल करून, चष्मा काढून छातीवर ठेवून पडलेला. एस्परन्स गावाच्या आसपास जेवढे कॅरॅव्हॅन पार्क आहेत, तेवढ्या सगळ्यांत त्यांची पाठ टेकलेली आहे. कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, लावायची जागा आधी स्वतःच्या पाठीला पसंत पडली पाहिजे, हा त्यांचा नियम. एकदा ते असे डोळे मिटून पडले असताना शेजारची एक बाई हातातला टॉवेल टाकून धावत आली. "यू राइट, मेट?" भाऊजींनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "यस, यस. ओन्ली चेकिंग." बाईने तरीही त्यांना पाणी पाजलं.

पाठीची परीक्षा झाली की लिंबाची. खिशातून लिंबू काढायचं, जमिनीवर ठेवायचं आणि ते कुठे गडगडतं ते बघायचं. गृहस्थ कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत सर्व्हेयर. जमिनीच्या पोटात हजार मीटर खाली बोगदा केसभर इकडेतिकडे होऊ द्यायचे नाहीत, आणि सुट्टीत मात्र भिस्त लिंबावर. "वहिनी, यंत्राला बॅटरी लागते. लिंबाला काय लागतं?" संध्याकाळी तेच लिंबू पोह्यांवर पिळलं जाई.

आम्ही दोन्ही कुटुंबं कालगुर्लीतच राहणारी. माझे यजमान त्याच खाणीत इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. लाल धुळीतून चार तास दक्षिणेला गाडी हाकली की एस्परन्स आणि समुद्र. पहिल्या सहलीला 'पार्क' हा शब्द ऐकून मी इस्त्री, टाचांचे सँडल आणि दोन सिल्कच्या साड्या घेऊन गेले होते. माझी समजूत अशी की पार्क म्हणजे बाग, आणि बागेत हॉटेल. पोहोचल्यावर मी भाऊजींना विचारलं, "रिसेप्शन कुठे आहे?" त्यांनी पत्र्याच्या एका खोपटाकडे बोट दाखवलं. तिथे एक बाई अनवाणी बसून चिप्स खात होती. ती इस्त्री पुढे तीन दिवस तंबूचं टोक दाबून धरायच्या कामी आली, आणि मी शहाणी बाई तिच्याकडे बघून तीन दिवस फुगून बसले.

पण भाऊजींची खरी परीक्षा दिशेची. उत्तरेला डोकं आणि दक्षिणेला पाय करून निजवतात ते गेलेल्या माणसाला. जित्या माणसाने तसं झोपायचं नाही, म्हणजे नाही. घरात पलंग फिरवता येतो. कॅरॅव्हॅनमध्ये तो खिळलेला. त्यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये उशा पुढच्या टोकाला, गाडीला जोडायचा दांडा असतो त्या बाजूला. आणि मोठी खिडकी पायांकडे. त्यात पार्कवाल्यांचा नियम, की दांडा रस्त्याकडेच हवा, आग लागली तर ओढून बाहेर काढता यावं म्हणून. म्हणून भाऊजी महिनाभर आधीपासून फोन लावत. "तुमच्या साइटवर माझं डोकं कुठे येईल?" पलीकडची मुलगी म्हणे, "सॉरी, लव्ह? हूज हेड?"

आता अडचण बघा. एस्परन्सचा समुद्र दक्षिणेला. पाण्याकाठच्या सगळ्या सुंदर जागांना रस्ता उत्तरेकडून, म्हणजे डोकं उत्तरेला. शेवटी शोधशोधून त्यांनी एक पार्क मिळवला, जिथे रस्ता समुद्राच्या बाजूने होता. डोकं दक्षिणेला, शास्त्र शाबूत. फक्त पायांकडच्या मोठ्या खिडकीतून दिसायचा तो टॉयलेट ब्लॉक.

माझी जाऊ सोलापूरची. लग्न होईपर्यंत तिने समुद्र पाहिलेला नव्हता. तिचं आयुष्यात एकच मागणं होतं, की एकदा तरी अंथरुणात डोळे उघडले की समोर समुद्र दिसावा. ती दर वर्षी मागायची आणि दर वर्षी समुद्राकडे डोकं करून झोपायची. "बावीस वर्षं झाली, वहिनी," ती मला म्हणायची, "कोण किती वाजता दात घासतं, सगळं पाठ झालंय मला."

तिची बाजू मी घेतली, पण कशी? तेव्हाची मी म्हणजे अंगात पांढरा कोट नसला तरी असल्यासारखी वागणारी. कागदी बशीवर सॉसने पृथ्वी काढली, बाण काढले आणि सिद्ध केलं की दक्षिण गोलार्धात सगळं उलटं, तेव्हा इथे उत्तरेलाच डोकं हवं. पुरावा संपूर्ण चुकीचा होता, हे मला पुढे माझ्या नातीने शाळेत असताना समजावून सांगितलं. भाऊजींनी मात्र तो शांतपणे ऐकला. म्हणाले, "बरोबर असेल, वहिनी. पण धोका कुणाच्या डोक्याने पत्करायचा? तिच्या?" मी हसले. खूप हसले. बशीतल्या पृथ्वीत सॉसेज बुडवून खाल्लं.

मागच्या वर्षी जावेचं पर्थला ऑपरेशन झालं. पोटात गाठ होती, ती काढून तपासायला दिली. रिपोर्ट पुढच्या सोमवारी यायचा होता. कालगुर्लीच्या घरात ती भिंतीकडे बघत पडून असायची. रिपोर्टचं आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला लावून वाचू नका: तो बरा आला. सहा-सहा महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, पण ती आहे, आणि जोरात आहे. तेव्हा मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात भाऊजींनी एकाएकी कॅरॅव्हॅन धुवायला काढली. डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणे, चार दिवस एस्परन्स. मी पाठोपाठ माझ्या गाडीने गेले. पोहोचून बघते तर ते नेहमीच्या पार्कात नव्हतेच. पाण्याकाठच्या पार्कात, अगदी वाळूला लागून, शेपूट समुद्राकडे आणि दांडा उत्तरेला. या वेळी ते जमिनीवर आडवेही पडले नव्हते, लिंबूही खिशातून निघालं नव्हतं. मला वाटलं, काळजीने माणूस गोंधळलाय.

"भाऊजी, दिशा चुकली."

"नाही चुकली," ते म्हणाले, आणि चाकाला लाकडी ठोकळे लावत राहिले.

दुपारी वरणभात खाऊन जाऊ आत आडवी झाली. मी डोकावले तेव्हा ती दोन उशांवर टेकून जागीच होती. "वहिनी, ते बेट बघा. मघाशी निळं होतं, आता करडं झालंय." मग जरा वेळाने, "हे कुठे आहेत हो?"

मी बाहेर येऊन वळसा घातला. पुढच्या टोकाला, दांड्यापाशी, तिच्या उशाच्या छोट्या खिडकीखाली भाऊजी घडीच्या खुर्चीत बसले होते. पाठ कॅरॅव्हॅनला, तोंड उत्तरेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. एप्रिलचं ऊन इथे उत्तरेकडून येतं. ते थेट त्यांच्या तोंडावर होतं.

"इथे काय करताय? सावलीत या."

"बरं आहे इथे." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उत्तरेकडून काही यायचंच असेल, वहिनी, तर मधे कुणीतरी असलेलं बरं."

वरच्या खिडकीतून आवाज आला, "अहो, उन्हात बसू नका हं!"

"नाही गं. सावली आहे इथे."

या विषयावर माझ्याकडे बशी भरून उत्तरं होती. मी जाऊन माझ्या गाडीतली खुर्ची काढली, त्यांच्या शेजारी उघडली आणि पदर डोक्यावर घेऊन बसले. रस्त्यापलीकडे, बरोबर आमच्या समोर, टॉयलेट ब्लॉक होता. आम्ही दोघं तो बघत बसलो.